'ओ थियासोस' (१९७५): फिरत्या नाटक मंडळीवरच्या ग्रीक चित्रपटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता? कशाबद्दल आहे?

थिओ अँजेलोपुलोस (१९३५–२०१२) या ग्रीक दिग्दर्शकाचा हा १९७५ चा चित्रपट. इंग्रजीत तो 'द ट्रॅव्हलिंग प्लेयर्स' या नावाने ओळखला जातो. एक छोटी, गरीब नाटक मंडळी १९३९ ते १९५२ या काळात ग्रीसच्या गावागावांतून फिरते आणि 'गोल्फो' नावाचं एकच नाटक करत राहते. तेवढ्या काळात देशावरून हुकूमशाही, इटलीची चढाई, जर्मनांचा ताबा, दुष्काळ, ब्रिटिश हस्तक्षेप, यादवी युद्ध आणि अमेरिकेच्या आधाराने स्थिरावलेलं उजवं सरकार एवढं सगळं जातं.

अँजेलोपुलोस यांच्या इतिहासविषयक चित्रत्रयीतला हा मधला चित्रपट आहे. आधीचा 'डेज ऑफ ३६' (१९७२), नंतरचा 'द हंटर्स' (१९७७). आधीचा पाहिलेला नसला तरी काही अडत नाही.

लांबी किती? काही ठिकाणी २३० मिनिटं लिहिलेली असतात, काही ठिकाणी २२२. कापलेली प्रत आहे का?

मूळ लांबी साधारण २३० मिनिटं, म्हणजे दहा मिनिटं कमी चार तास. आठ-दहा मिनिटांचा फरक दिसला की लगेच कात्री लागली असं समजू नये. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चित्रित होतो. युरोपातल्या जुन्या टीव्ही आणि डीव्हीडी पद्धतीत तो २५ चौकटींनी चालवला जायचा. २३० ला २४ ने गुणून २५ ने भागलं की २२१ मिनिटं येतात. प्रसंग तेच, वेग किंचित जास्त, आवाज किंचित चढा. मात्र लांबी २१० मिनिटांच्याही खाली असेल तर ती प्रत टाळावी. या चित्रपटात एक शॉट गेला तर एक अख्खं वर्ष जातं.

मंडळीत कोण कोण आहे?

मुळात हे एक कुटुंब आहे. बाप मंडळीचा प्रमुख. आई मुख्य नटी. आईचा प्रियकर मंडळीतच नट आहे आणि तो सत्तेला खबरा पुरवतो. थोरली मुलगी एलेक्ट्रा, धाकटी क्रिसोथेमिस, मुलगा ऑरेस्टिस. त्याचा मित्र पिलाडिस डाव्या चळवळीतला. यांच्याशिवाय एक कवी, एक म्हातारा, एक म्हातारी आणि अकॉर्डियन वाजवणारा. पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना खेळाची ओळख करून देणारा अकॉर्डियनवाला म्हणजे या मंडळीचा सूत्रधारच.

ही नावं वाचून ठेवा, कारण चित्रपटात ती ऐकू येत नाहीत. नावाने हाक मारली जाते ती फक्त ऑरेस्टिसला. बाकी अ‍ॅगमेम्नॉन, क्लिटेम्नेस्ट्रा, एगिस्थस ही (अनुक्रमे बाप, आई आणि तिचा प्रियकर यांची) नावं पटकथेतून आणि त्यावरच्या लेखनातून आलेली आहेत. कॅमेरा चेहऱ्याजवळ फारसा जात नसल्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात 'कोण कोणाचं कोण' हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो. त्यावर एकच उपाय: एलेक्ट्राला (एव्हा कोतामानिदू) धरून ठेवा. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. बाकीची माणसं तिच्याशी कशी वागतात यावरून नाती आपोआप उलगडतात.

ऑरेस्टिसची मूळ पुराणकथा आधी वाचायला हवी का?

चार ओळींत कळली तरी पुरेशी आहे. ट्रॉयचं युद्ध जिंकून परतलेल्या अ‍ॅगमेम्नॉनला त्याची बायको आणि तिचा प्रियकर एगिस्थस मारतात. मुलगा ऑरेस्टिस बहीण एलेक्ट्राच्या साथीने दोघांना मारून सूड घेतो. प्राचीन ग्रीक नाटककार इस्किलसने यावर इ. स. पू. ४५८ मध्ये तीन नाटकांची मालिका लिहिली. तिच्या शेवटी ऑरेस्टिसचा खटला अथेन्समध्ये चालतो, तो सुटतो, आणि सुडाच्या जागी न्यायालय येतं.

चित्रपट या कथेपासून जिथे दूर जातो तिथे जास्त बारकाईने पाहावं. इथला बाप बायकोच्या हातून मरत नाही. फितुरीमुळे तो जर्मनांच्या हाती लागतो आणि त्याला गोळ्या घातल्या जातात. ऑरेस्टिस आई आणि तिच्या प्रियकराला मारतो, पण तेव्हा तो डोंगरातल्या प्रतिकार सेनेचा सैनिक असतो. घरचा सूड आणि फितुराला शिक्षा या दोन गोष्टी एकाच गोळीत येतात. पुढे न्यायालय त्याला सोडवायला येत नाही. यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा म्हणून राज्यच त्याला संपवतं. प्राचीन नाटकात राज्यव्यवस्था रक्तपात थांबवते, इथे तीच रक्तपात करते. दिग्दर्शकाचं म्हणणं याच फरकात आहे, असं आम्हाला वाटतं. पुराणकथा म्हणजे या चित्रपटाची किल्ली, असं समजून प्रत्येक प्रसंगाला जुना जोडीदार शोधत बसलात तर हाती फार काही लागणार नाही.

ग्रीसचा इतिहास माहीत नसेल तर काही कळेल का?

दहा-बारा तारखा जवळ असल्या तर नक्की कळेल. नसतील तर मधले दोन तास अवघड जातात, कारण पडद्यावर 'अमुक साली' अशी अक्षरं येत नाहीत. पुढचा तक्ता एका कागदावर उतरवून शेजारी ठेवा.

- ४ ऑगस्ट १९३६: मेटाक्सासची हुकूमशाही सुरू. कम्युनिस्टांची धरपकड, हद्दपारी.
- २८ ऑक्टोबर १९४०: इटलीची चढाई. ग्रीक सैन्य ती परतवून अल्बेनियात घुसतं.
- ६ एप्रिल १९४१: जर्मनीचं आक्रमण. २७ एप्रिलला अथेन्स पडतं.
- १९४१–४२ चा हिवाळा: भीषण दुष्काळ. याच काळात डाव्या नेतृत्वाखाली ईएएम ही आघाडी आणि ईएलएएस ही तिची लढाऊ सेना उभी राहते.
- १२ ऑक्टोबर १९४४: अथेन्स मुक्त.
- ३ डिसेंबर १९४४: अथेन्सच्या सिंताग्मा चौकात निदर्शकांवर गोळीबार. त्यानंतर महिनाभर डावे एका बाजूला आणि सरकार व ब्रिटिश फौज दुसऱ्या बाजूला अशी लढाई.
- १२ फेब्रुवारी १९४५: वार्किझा करार. प्रतिकार सेनेने शस्त्रं खाली ठेवायची. ती ठेवल्यावर उजव्या टोळ्यांनी तिच्या लोकांना वेचून मारलं.
- १९४६ ते १९४९: यादवी युद्ध. १९४७ पासून ब्रिटिशांची जागा अमेरिका घेते. ऑगस्ट १९४९ मध्ये ग्रामोस आणि वित्सीच्या डोंगरात डाव्यांचा शेवटचा पराभव.
- १६ नोव्हेंबर १९५२: यादवी युद्ध जिंकून देणारे सेनापती, मार्शल पापागोस, निवडणूक जिंकतात.

याच्याही मागची एक तारीख लागते, १९२२. त्या वर्षी तुर्कांविरुद्धच्या युद्धात ग्रीक सैन्याचा पराभव झाला आणि आशिया मायनरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ग्रीक लाखोंनी निर्वासित झाले. मंडळीचा बाप त्यांतलाच एक.

एकाच शॉटमध्ये वर्षं बदलतात म्हणजे काय? ते ओळखायचं कसं?

हा या चित्रपटाबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

नेहमीच्या चित्रपटात काळ बदलतो तो कापणीच्या जागी. एक दृश्य संपतं, दुसरं सुरू होतं, आणि मधली वर्षं आपण मनात भरतो. इथे कॅमेरा न थांबता चालत असतो आणि त्या चालण्यातच काळ सरकतो. सुरुवातीलाच याचा नमुना आहे. १९५२ च्या शरदात मंडळी एगिओ या बंदराच्या गावात उतरते. हातात पेट्या, अंगात जुने कोट. ती रस्त्याने चालू लागते तेव्हा कानावर पापागोस यांच्या प्रचाराचा कर्णा येतो. मंडळी पुढे जाते, आणि आता ऐकू येणाऱ्या घोषणा १९३९ च्या, हुकूमशाहीच्या काळातल्या असतात. गाव तेच, भिंती त्याच, फक्त तेरा वर्षं मागे.

हे युक्ती दाखवण्यासाठी केलेलं नाही. १९५२ चा प्रचार आणि १९३९ ची हुकूमशाही एकाच रस्त्यावर, एका दमात आल्या की त्यांच्यात कितीसा फरक उरतो, हे प्रेक्षकाला चालता चालताच कळतं. दोन शॉटच्या मध्ये कात्री आली असती तर ती फक्त माहिती झाली असती.

ओळखण्यासाठी चार गोष्टींवर लक्ष ठेवा.

पहिली, आवाज. कर्णे, रेडिओ, मिरवणुकीतल्या घोषणा, गाणी. काळ बदलल्याची पहिली खूण बहुतेक वेळा कानाला मिळते, डोळ्यांना नंतर.

दुसरी, गणवेश आणि झेंडे. जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन या क्रमाने सैनिक बदलतात. गणवेश ओळखला की दोन-तीन वर्षांच्या आत तुम्ही काळ सांगू शकता.

तिसरी, भिंती. निवडणुकीची भित्तिपत्रकं, नेत्यांची चित्रं, रंगवलेल्या घोषणा. कॅमेरा हळू फिरतो तो हे वाचता यावं म्हणूनही.

चौथी आणि सगळ्यात खात्रीची: मंडळीत कोण शिल्लक आहे ते मोजा. बाप दिसत असेल तर जर्मन ताब्याच्या सुरुवातीच्या काळापर्यंत. आई आणि तिचा प्रियकर दिसत नसतील तर ऑरेस्टिसने त्यांना मारल्यानंतर. आई जिवंत असेपर्यंत 'गोल्फो'ची मुख्य भूमिका तिच्याकडे असते, नंतर ती एलेक्ट्राकडे येते. त्यामुळे रंगमंचावर गोल्फो कोण आहे एवढं पाहिलं तरी काळ लागतो.

नववर्षाच्या मेजवानीच्या दृश्याचं एवढं कौतुक का?

१९४६ चं स्वागत करायला एका नाचाच्या सभागृहात लोक जमलेत. एका बाजूला डावे तरुण-तरुणी. दुसऱ्या बाजूला राजनिष्ठ पुरुषांचा घोळका, त्यांच्याबरोबर बाई नाही, म्हणून ते एकमेकांबरोबरच नाचतात. वादकांना फर्माईश करत दोन्ही बाजू गाण्यांतून भिडू लागतात. चालू धून तीच, शब्द बदललेले. एका बाजूने टोमणा, दुसऱ्या बाजूने उत्तर. वार्किझा करार होऊन वर्ष व्हायला आलंय. एका बाजूची शस्त्रं गेलीत, दुसऱ्या बाजूच्या खिशात पिस्तूल आहे. ते बाहेर येतं, गोळी सुटते आणि तरुण मंडळी सभागृह सोडून जाते. यादवी युद्ध कसं सुरू झालं हे या एका खोलीत आणि फक्त गाण्यांतून सांगितलेलं आहे.

खरी कमाल त्यानंतरची. तोच पुरुषांचा घोळका गात, झोकांड्या खात बाहेर पडतो आणि रिकाम्या रस्त्याने चालू लागतो. कॅमेरा त्यांच्याबरोबर. चालता चालता झोकांड्या थांबतात, पावलं लयीत पडू लागतात, चालीची संचलनाची शिस्त होते. आणि ते पोहोचतात ते थेट पापागोस यांच्या १९५२ च्या सभेत. शॉट तुटलेला नाही. ज्यांनी १९४६ च्या पहाटे पिस्तूल काढलं तेच लोक १९५२ मध्ये सभ्य मतदार म्हणून उभे आहेत, हा आरोप कॅमेऱ्याने केला आहे आणि त्याला एकाही संवादाची गरज लागलेली नाही.

हे दृश्य फसतं ते एकाच कारणाने, गाण्यांना उपशीर्षकं नसली तर. अनेक जुन्या प्रतींत फक्त संवादांचं भाषांतर आहे. गाणी कळली नाहीत तर समोर उरतो फक्त एक लांबलेला नाच. प्रत निवडताना हेच दृश्य आधी उघडून तपासा.

'गोल्फो' हे खरं नाटक आहे का? ते कधीच पूर्ण का होत नाही?

खरं आहे. स्पिरिदोन पेरेसियादिस यांनी ते १८९३ मध्ये लिहिलं. पंधरा अक्षरांच्या पारंपरिक वृत्तातलं हे मेंढपाळांच्या जीवनावरचं पद्य नाटक. गरीब गोल्फो आणि तासोस यांचं प्रेम; तासोस श्रीमंत मुलीकडे वळतो; गोल्फो विष घेते; पश्चात्तापाने तासोसही जीव देतो. ग्रीसच्या गावोगावी ते अफाट चाललं. ग्रीसचा पहिला कथापट मानला जाणारा १९१५ चा चित्रपटही याच नाटकावर होता. म्हणजे मंडळीने हे नाटक निवडलंय ते पोटासाठी: प्रत्येकाला पाठ, सामान थोडं, कुठेही हमखास प्रेक्षक.

आणि प्रत्येक वेळी ते मोडतं. १९४० च्या एका प्रयोगात बॉम्बहल्ला होतो आणि प्रेक्षक पळतात. ब्रिटिश सैनिक मंडळीला वाटेत अडवून समुद्रकाठी नाटक करायला लावतात, तोही खेळ गोळीच्या आवाजाने संपतो. सर्वांत धक्कादायक प्रसंग ऑरेस्टिसचा. चालू प्रयोगात तो रंगमंचावर येतो आणि आई व तिच्या प्रियकराला गोळ्या घालतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, कारण त्यांना तो नाटकाचाच भाग वाटतो.

पडद्यावर रंगवलेलं कुरण आणि मेंढ्या, लोकनृत्याचे पोशाख, निरागस प्रेम: असा ग्रीस कुठेच नाही हे प्रत्येक व्यत्ययाने सिद्ध होत जातं. तरीही मंडळी पुन्हा पडदा टांगते. तिला दुसरं काही येत नाही, आणि उद्याच्या जेवणाची सोय त्यातूनच व्हायची असते. या दोन गोष्टी एकत्र धरल्यामुळे चित्रपट 'कला अमर आहे' अशा सोप्या वाक्यावर जाऊन बसत नाही, आणि आमच्या मते त्याची सच्चाई तिथेच आहे.

पात्रं मध्येच कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात ते काय?

अशी तीन स्वगतं आहेत, आणि तिन्ही ठिकाणी चित्रपट जाणूनबुजून थांबतो. बाप रेल्वेच्या डब्यात १९२२ चं निर्वासन सांगतो. एलेक्ट्रा डिसेंबर १९४४ ची अथेन्समधली लढाई सांगते. पिलाडिस हद्दपारीच्या बेटावरचा छळ सांगतो. माक्रोनिसोससारख्या छावण्यांत कैद्यांकडून पश्चात्तापाच्या कबुलीवर सही घेतली जायची आणि सही केल्यावर सुटका व्हायची. पिलाडिसची सुटका अशीच आहे, आणि त्याच्या आवाजातलं ओझं त्या सहीचं आहे.

इथे नट पात्राच्या आतून बोलत नाही, साक्षीदारासारखा बोलतो. जे दाखवता येत नाही, किंवा दाखवलं तर खोटं होईल, ते सांगितलं जातं. एलेक्ट्राचं स्वगत तर बलात्काराच्या प्रसंगानंतर लगेच येतं. ती उठते आणि स्वतःबद्दल एक अक्षरही न बोलता शहरावर काय गुदरलं ते सांगू लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं. दुसऱ्यांदा पाहताना कळतं की तिच्यावर जे झालं आणि शहरावर जे झालं ते करणारे हात एकाच बाजूचे आहेत.

हिंसा आणि नग्नता किती आहे?

बलात्काराचा एक प्रसंग, गोळीबार, झाडाला टांगलेले मृतदेह, नग्नतेची काही दृश्यं. भुकेच्या दिवसांत क्रिसोथेमिस ऑलिव्ह तेलाच्या बाटलीसाठी एका दुकानदारासमोर गात गात कपडे उतरवते, ते दृश्य सहन करायला जड आहे. कॅमेरा लांब असतो आणि रक्त जवळून दाखवत नाही, पण म्हणून दृश्यं सौम्य होत नाहीत. प्रौढांसाठीचाच चित्रपट समजावा. गटात दाखवत असाल तर हे आधी सांगा.

कॅमेरा माणसांच्या जवळ का जात नाही?

कारण चित्रपटाचा नायक एक माणूस नाही. छायाचित्रणकार योर्गोस आर्वानितिस यांचा कॅमेरा चौक, गल्ली, फलाट, सभागृह अशा जागा पूर्ण दाखवतो आणि माणसं त्यात येतात-जातात. डिसेंबर १९४४ चा चौक पाहा. जल्लोष करणारी गर्दी, हातात दोस्त राष्ट्रांचे झेंडे. गोळ्या. सगळे पांगतात, काही देह पडून राहतात. रिकाम्या चौकातून बॅगपाइप वाजवत एक ब्रिटिश सैनिक जातो. मग लाल झेंडे घेऊन गर्दी परत येते. कॅमेरा चौकाच्या मधोमध राहून नुसता फिरतो. जवळच्या चेहऱ्यांचे तुकडे जोडून हेच दाखवलं असतं तर एका-दोघांचं दुःख दिसलं असतं, चौकाचं काय झालं ते दिसलं नसतं.

उजेडाबद्दलही एक गोष्ट. चित्रपटात उन्हाचा ग्रीस जवळजवळ नाही. ढगाळ हिवाळा, ओले रस्ते, बर्फ, पहाटेचा राखाडी प्रकाश. पर्यटनाच्या पत्रकातला निळा समुद्र आणि पांढरी घरं इथे सापडणार नाहीत.

शॉटच्या लांबीला तेव्हा एक पक्की मर्यादाही होती. ३५ मिमी कॅमेऱ्यात बसणारी १००० फुटांची फिल्म २४ चौकटींच्या वेगाने सुमारे ११ मिनिटं चालते. त्याहून लांब शॉट घेणं शक्यच नव्हतं, आणि शेवटच्या मिनिटात एक माणूस चुकला तर शेकडो लोकांसह सगळं पहिल्यापासून.

लष्करी राजवटीत असा चित्रपट काढता कसा आला?

ग्रीसमध्ये २१ एप्रिल १९६७ पासून लष्कराची सत्ता होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधला विद्यार्थ्यांचा उठाव रणगाड्यांनी चिरडला गेला. त्यानंतरच्या कडक काळात, १९७४ मध्ये, हे काम सुरू झालं. अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं की जर्मन ताब्याच्या काळात बसवलेली ही ऑरेस्टिसची प्राचीन कथा आहे. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. जुलै १९७४ मध्ये सायप्रसच्या पेचात राजवट कोसळली आणि चित्रपट मोकळेपणी पुरा झाला.

कान महोत्सवात तो मुख्य स्पर्धेत का नव्हता?

लोकशाही परतली असली तरी नवं सरकार पुराणमतवादी होतं आणि त्याने चित्रपट देशाच्या वतीने पाठवायला नकार दिला. १९७५ मध्ये तो कानच्या 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' या समांतर विभागात दाखवला गेला आणि आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार त्याला मिळाला.

तो एकांगी आहे का?

डाव्यांच्या बाजूने आहे, हे लपवलेलं नाही. प्रतिकार सेनेकडून झालेल्या अत्याचारांना इथे जवळजवळ जागा नाही, आणि त्या काळाचा पूर्ण इतिहास वाचायचा असेल तर हा चित्रपट पुरणार नाही. पण १९४९ नंतर पंचवीस वर्षं ग्रीसमध्ये अधिकृतपणे फक्त जिंकलेल्या बाजूचीच गोष्ट सांगितली जात होती. हरलेल्यांची बाजू एवढ्या मोठ्या पटावर मांडणारा हा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक. ते लक्षात घेऊन पाहावा.

कोणती प्रत पाहावी? घरी पाहताना काय सांभाळावं?

शक्य असेल तर डिजिटल रीतीने दुरुस्त केलेली. त्या काळच्या रंगीत प्रिंट जुन्या झाल्या की त्यातले निळे-हिरवे रंग उडतात आणि सगळं लालसर दिसू लागतं. या चित्रपटाचा राखाडी उजेड त्यात मरतो.

टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद करा. संथ फिरणाऱ्या कॅमेऱ्यात तिच्यामुळे कडा थरथरतात. खोलीत अंधार हवा. आतली दृश्यं खरोखरच काळोखी आहेत. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा, कारण चौकटीबाहेरून येणारे आवाज निम्मी गोष्ट सांगतात. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर लांबचा कर्णा ऐकूच येत नाही.

दोन बैठकांत पाहिला तर चालेल. चार-पाच तुकडे केलेत तर मात्र बिघडेल, कारण कोण शिल्लक आहे याचा हिशेब सुटतो.

गटाने किंवा चित्रपट मंडळाने दाखवायचा असेल तर?

वेळेचं गणित आधी मांडा. १० मिनिटं ओळख, २३० मिनिटं चित्रपट, २० मिनिटं मध्यंतर: चार तास वीस मिनिटं. चर्चा धरली तर पाच तास. सभागृह तेवढ्या वेळासाठी घ्या, नाहीतर शेवटची वीस मिनिटं लोकांचं लक्ष घड्याळाकडे जातं. ३५ मिमी प्रिंट मिळालीच तर ती सुमारे ६,३०० मीटर भरते, म्हणजे २० मिनिटांची रिळं धरली तर बारा. एकच प्रोजेक्टर असेल तर प्रत्येक रिळानंतर थांबावं लागेल आणि लांब शॉटचा ताण तुटेल. दोन प्रोजेक्टर नसतील तर डिजिटल प्रतच बरी.

मध्यंतराची जागा अंदाजाने ठरवू नका. एक तास पन्नास मिनिटं ते दोन तास या पट्ट्यात, जिथे एक शॉट पूर्ण संपून जागा बदलते, अशी कापणी आधी शोधून तिची नेमकी वेळ लिहून ठेवा. शॉटच्या मध्ये दिवे लावणं ही या चित्रपटाबाबत होणारी सर्वांत वाईट चूक आहे.

वर दिलेला तारखांचा तक्ता आणि पात्रांची नावं यांचं एक पान प्रत्येकाच्या हातात द्या. ओळख करून देणाऱ्याने कथा सांगू नये. काळ सरकतो कसा आणि तो ओळखायचा कसा, एवढंच सांगावं.

शेवट पुन्हा सुरुवातीच्याच ठिकाणी का?

सुरुवातीला १९५२ मध्ये एगिओच्या स्टेशनवर उतरलेली मंडळी अर्धी नवी आहे. शेवटी त्याच स्टेशनवर १९३९ ची मूळ मंडळी उभी दिसते, त्यातले काही जण मरताना आपण पाहिलेले. सुरुवातीच्या शॉटची शेवटच्या शॉटशी तुलना करा. बसण्या-उभं राहण्याची रचना आणि निवेदनाचे शब्द जवळपास सारखे आहेत. यात आशा आहे की चक्र, यावर मतभेद आहेत. दरम्यान क्रिसोथेमिसचा मुलगा मोठा होऊन मरण पावलेल्या मामाच्या भूमिकेत रंगमंचावर आलेला असतो, हे विसरून या प्रश्नाचं उत्तर देऊ नये.

यानंतर काय पाहावं?

लगेच 'द हंटर्स'. यादवी युद्ध संपल्यानंतर सत्ताधाऱ्यांना भेडसावणारी भीती त्यात आहे, आणि या चित्रपटाची दृश्यभाषा डोळ्यांत ताजी असतानाच तो सोपा जातो. 'डेज ऑफ ३६' त्यानंतर पाहिला तरी चालतो. मग 'लँडस्केप इन द मिस्ट' (१९८८): त्यात हीच मंडळी म्हातारी होऊन परत येते, खेळ लावायला जागा मिळत नाही आणि नाटकाचे पोशाख विकायला काढलेले असतात. 'ओ थियासोस' आधी पाहिला नसेल तर त्या प्रसंगाचा अर्थ लागत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका.